पडद्यावरची प्रत

पतपेढीत तुम्ही पत्ता बदलायला जाता. कारकून तुमचं खातं पडद्यावर उघडतो. आपल्याला वाटतं, समोर दिसतंय तेच मूळ खातं. तसं नसतं. मूळ नोंद असते डेटाबेसमध्ये. पडद्यावर असते ती तिची प्रत, आणि तीही उघडली त्या क्षणाची.

त्याच वेळी शेजारच्या खिडकीवर तुमचा मुलगा तुमच्या खात्यावरचा फोन नंबर बदलून घेतोय, असं समजा. दोन्ही कारकुनांकडे एकेक प्रत. मुलाचं काम आधी होतं, नवा नंबर नोंदला जातो. दोन मिनिटांनी तुमचा नवा पत्ता जातो. पण प्रोग्रॅम अख्खी प्रत जशीच्या तशी लिहीत असेल, तर पत्त्याबरोबर जुना नंबरही पुन्हा जाऊन बसतो. कुठेही चूक दिसत नाही. पुढे कधीतरी ओटीपी जुन्या नंबरावर जातो, तेव्हा कळतं.

मग पहिल्याने नोंद उघडली की तिला कुलूप का लावू नये? वेबवर ते परवडत नाही. पान उघडं टाकून माणूस चहाला गेला, हे सर्व्हरला कळत नाही; बाकीचे खोळंबतात. म्हणून डेटाबेसशी चाललेलं संभाषण, म्हणजे सेशन, पान दाखवून झालं की संपवतात. प्रत मागे उरते. हायबरनेट या साधनात तिला डिटॅच्ड, म्हणजे सुटी झालेली, म्हणतात. बदल होऊन ती परतली की नव्या सेशनमध्ये ‘मर्ज’ करतात.

हा शब्द मला फसवा वाटतो. दोघांचे बदल समजुतीने एकत्र होत असतील, असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात परतलेल्या प्रतीतले तपशील ताज्या नोंदीवर उतरवले जातात, एवढंच. आधी कुलूप न लावता लिहिण्याच्या वेळी तपासायचं, ही कल्पना कुंग आणि रॉबिन्सन यांनी 1981 साली एका निबंधात मांडली होती. तिचं सोपं रूप म्हणजे आवृत्ती क्रमांक. तुमची प्रत 7व्या आवृत्तीची आणि मूळ नोंद 8वर गेलेली असेल, तर प्रोग्रॅमने लिहायला नकार द्यायचा.

हा नकार कटकटीचा वाटतो म्हणून तपासणीच काढा, असा आग्रह कधीकधी होतो. मी तो मानत नाही. संदेश मात्र साध्या मराठीत हवा: ‘ही नोंद दरम्यान बदलली आहे, नवी पाहून पुन्हा भरा.’ आणि कारकुनाने टाइप केलेला पत्ता पुसू नये, बाजूला तसाच दिसू द्यावा. नाहीतर तो वैतागेल, आणि त्याचं बरोबरच असेल.