जळणारा माणूस ओरडत का नाही?

भीती दोन जातींची असते. एक भुताच्या सिनेमातली, अंगावर धावून येणारी. आपण किंचाळतो, मग हसतो आणि घरी जाऊन जेवतो. दुसरी आवाज न करता येते आणि मुक्कामालाच राहते. आज या दुसऱ्या भीतीबद्दल बोलायचं आहे, आणि तेही रेकॉर्डच्या कव्हरांच्या निमित्तानं.

आपल्याकडच्या एलपीच्या कव्हरवर बहुधा गायकाचा फोटो असे, नाहीतर सिनेमातली नायक-नायिका. आत काय आहे ते बाहेर सांगायचं, एवढंच कव्हरचं काम. लंडनमध्ये १९६८ साली स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल या दोघा मित्रांनी ‘हिप्नोसिस’ नावाचा स्टुडिओ काढला आणि ही रीतच मोडली. १९७० साली ‘पिंक फ्लॉईड’ या बँडच्या रेकॉर्डवर त्यांनी एक गाय छापली. कुरणात उभी, वळून आपल्याकडे पाहणारी. ना बँडचं नाव, ना रेकॉर्डचं. गाय तर आपण रोज पाहतो. पण ‘ही इथं का?’ याचं उत्तर मिळत नाही, म्हणून तीच गाय अस्वस्थ करते.

याच बँडच्या १९७५ सालच्या ‘विश यू वेअर हिअर’चं कव्हर मला सर्वांत जास्त छळतं. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना गोदामासारख्या इमारती. सुटाबुटातले दोन गृहस्थ हस्तांदोलन करताहेत. त्यांतला एक पेटलेला आहे. बस्स. जळणारा ओरडत नाही, दुसरा मागं सरकत नाही. तो किंचाळला असता, तर आपण त्याला अपघात म्हणून मोकळे झालो असतो. आगीबरोबर आरडाओरडा, धावपळ यायला हवी, असं आपलं मन धरून चालतं. ती येत नाही, आणि मन वाट पाहत राहतं.

यात संगणकाची करामत नाही. कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथं, वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओच्या आवारात, रॉनी रॉन्डेल या स्टंटमनला खरोखरच पेटवलं होतं. सुटाच्या आत आग न लागणारा पोशाख, डोक्यावर टोप. वारा उलटा फिरला आणि ज्वाळांनी त्याच्या मिश्या होरपळल्या. त्याच रेकॉर्डबरोबरच्या दुसऱ्या चित्रात एक माणूस तळ्यात सूर मारतो आहे, पण पाण्यावर तरंगच नाही. तो सूर नव्हताच. मोनो लेकमध्ये तो माणूस डोकं खाली, पाय वर करून उभा राहिला आणि पाणी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला.

हा सगळा खटाटोप कशासाठी? ती रेकॉर्डच मुळी गैरहजेरीबद्दल आहे. माणूस समोर असतो, पण तिथं नसतो. बँडच्या संस्थापकांपैकी एक, सिड बॅरेट. मनाचा तोल ढळत गेला आणि १९६८ साली तो बँडबाहेर पडला. जून १९७५ मध्ये त्याच्यावरच रचलेल्या गाण्याचं काम अ‍ॅबी रोड स्टुडिओत चालू असताना एक स्थूल माणूस आत आला. डोकं आणि भुवया भादरलेल्या. जुन्या मित्रांनी त्याला बराच वेळ ओळखलंच नाही. तो सिड होता.

हे कळल्यावर ते कव्हर मला परकं वाटेनासं झालं. आपणही रोज कुणाचा तरी हात हातात घेतो. ‘कसं काय?’ ‘बरं चाललंय.’ समोरचा आतून पेटलेला असू शकतो. पण लग्नाच्या मांडवात, ऑफिसच्या जिन्यात तो ओरडणार नसतो आणि आपण विचारणार नसतो. कव्हरवरची आग खोटी वाटत नाही, ती यामुळंच. असं काहीतरी आपण पाहिलेलं असतं, आणि पाहून पुढं गेलेलो असतो.

ही कव्हरं आता मोबाईलवर नखाएवढी दिसतात. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मूळ आकारातलं हाती आलं, तर निवांत बघा. आणि आगीकडे बघून झालं की दुसऱ्या माणसाकडे बघा. हात त्यानं अजून सोडलेला नाही. पण समोर काय चाललंय, ते त्याला दिसतंय का?