देव्हाऱ्यातल्या शिवराईचे मोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणींच्या देव्हाऱ्यात, नाहीतर फडताळातल्या डब्यात, तांब्याचा एखादा जुना पैसा असतोच. “याचे आज किती येतील हो?” असे मला इतक्याजणींनी विचारले आहे, की आज त्यावरच चार शब्द बोलावयाचे ठरविले.

प्रथम नाणे ओळखावे. एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ असेल तर ती शिवराई. शिवाजीमहाराजांच्या १६७४ सालच्या राज्याभिषेकापासून ती सुरू झाली. पण पेशवाईतही त्याच नावाने ती अनेक टांकसाळींतून पडत राहिली. तेव्हा नाव महाराजांचे असले तरी नाणे त्यांच्या काळचे असेलच असे नाही. कुठे ‘शिव’च्या जागी ‘सिव’, कुठे ‘पति’च्या जागी ‘पती’; अशा अक्षरांवरून आणि वजनावरून जाणकार काळ ठरवितात. म्हणून सोनाराच्या काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे.

कंपनी सरकारचा १८३५ सालचा पाव आणा सुमारे साडेसहा ग्रॅमचा. तो अमाप पाडला गेला, म्हणून आजही सहज मिळतो. जुने म्हणजे महाग, हा हिशोब इथे चालत नाही. दुर्मिळ किती, अक्षरे स्पष्ट किती आणि घेणारे किती, यावर किंमत ठरते. रामपंचायतनाचे चित्र आणि १८१८ साल असलेले ‘कंपनीचे नाणे’ मात्र कंपनीने कधी पाडलेच नाही. ते पूजेत खुशाल ठेवा, पण नाणे म्हणून विकत घेऊ नका.

आणखी एक. चिंच-मीठ लावून नाणे घासू नका! आपला हात भांड्यांच्या सवयीने तिकडे जातो. पण काळाने चढलेला तपकिरी थर गेला की संग्राहक निम्मीही किंमत देत नाही.

आपल्याच एका भगिनीला फोन आला, की तुमच्या शिवराईचे वीस लाख मिळतील, आधी नोंदणीचे पाच हजार भरा. त्या बांगडी गहाण टाकावयास निघाल्या होत्या. आम्ही दोघींनी भिंगाखाली नाणे पाहिले. अक्षरे झिजलेली, नमुना नेहमीचा. तशी नाणी लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहिले, तर रक्कम शेकड्यांत होती. मागितलेली किंमत कोणीही कितीही सांगेल. गिऱ्हाइकाने मोजलेली तीच खरी. आणि व्यापारी तुमच्याकडून घेताना त्याहूनही कमी देणार, कारण त्याला त्यावर पोट भरायचे असते. बांगडी हातातच राहिली. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली लोकांना सावध केले आहे. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नव्हे, एवढे ध्यानात ठेवा.

शेतात वा जुन्या भिंतीत नाण्यांचा साठा सापडला, तर मात्र १८७८च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरास कळवावे लागते. खोल अभ्यास करावयाचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आणि संग्रहालय आहे; मंडळाची सहल तिकडे काढावी, अशी माझी सूचना आहे.

तोवर पुढच्या सभेस ज्यांच्याकडे जे असेल ते न घासता, कागदात गुंडाळून घेऊन यावे. भिंग आणि काटा मी आणीन.