पुरात बुडालेले इंजिन आणि त्याची निगा



निपाणी भागात इंजिनाचा विषय काढला की ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आठवल्यावाचून राहत नाहीत. दोन्ही वेळी वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गावर आले व वाहतूक थांबली. जेथे महामार्ग बुडतो, तेथे नदीकाठच्या खोपीतील इंजिन कोरडे कसे राहावे? परंतु अनुभव असा की, पुरापेक्षा अधिक इंजिने पूर ओसरल्यानंतरच्या घाईने निकामी होतात.

पाणी उतरताच हँडल मारून पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असता दट्ट्या जोराने वर गेला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग केवळ तेल बदलून भागणारे काम हजारांवर जाते. प्रथम डिझेलची टाकी रिकामी करावी. मग तळाचा बोल्ट सैल करून ऑइल काढावे. पाणी जड असल्यामुळे आधी पाणी येते, मागाहून तेल. नंतर नोझल काढून चाक हाताने सावकाश फिरवावे, म्हणजे आत साचलेले पाणी त्या छिद्रातून बाहेर पडेल. त्याच छिद्रातून थोडे स्वच्छ ऑइल सोडून चाक पुन्हा फिरवावे, म्हणजे आतील भाग गंजणार नाहीत. हवेचा फिल्टर धुऊन त्यातील तेल बदलावे. डिझेलचा फिल्टर नवा घालावा व नळीतील हवा काढावी. एवढे झाल्यावर इंजिन अर्धा तास भाराविना चालवावे आणि ते ऑइलही टाकून द्यावे. हा दुसरा बदल पुष्कळांना उधळपट्टी वाटते; पण गाळाचे बारीक कण पहिल्या तेलाबरोबर सर्व निघत नाहीत.

इंजिन आपल्या मुलखाला परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान थाटले ते बेळगावातच. चारा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर त्यांनी येथेच बनविले. १९१० मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर गेले. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ मध्ये पुण्यास निघाला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने प्रारंभी तो नांगर कोणी घेईना, असे सांगतात. आज त्याचे हसू येते. पण इंजिनाबाबत आपलेही समज तसेच आहेत. डिझेल इंजिनातील ऑइल काही तासांतच काळे पडले की दुकानदाराने फसविले असे वाटते. वस्तुतः काजळी धरून ठेवणे हे त्या तेलाचे कामच होय. भ्यावे ते दुधाळ तेलाला, कारण त्यात पाणी शिरलेले असते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हीदेखील काटकसर नव्हे. पंपाचे बारीक भाग डिझेलच्या स्निग्धतेवरच टिकतात.

आता गवत कापण्याची व फवारणीची लहान पेट्रोल यंत्रे घरोघरी आली आहेत. दोन स्ट्रोकच्या यंत्रात पेट्रोलमध्येच तेल घालावे लागते. पुस्तिकेत एकास पन्नास असे प्रमाण असेल, तर लिटरला २० मिलिलिटर. एकास पंचवीस असेल, तर ४०. चार स्ट्रोकच्या यंत्राच्या पेट्रोलमध्ये तेल घालू नये. त्याची जागा निराळी असते. दोन्ही यंत्रे घरात असली की हमखास गोंधळ होतो, म्हणून कॅनवर रंगाची खूण करावी.

शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातील काही आपल्याच उसाच्या मळीचे व रसाचे, ही समाधानाची गोष्ट. पण इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि आपल्याकडील पावसाळ्यात ओलीला तोटा नसतो. महिनोन् महिने टाकीत राहिलेल्या अशा पेट्रोलमधून पाणी वेगळे होऊन तळाशी बसते व कार्बुरेटर गंजतो. यास्तव मृगापूर्वी यंत्र ठेवून द्यावयाचे असल्यास टाकी रिकामी करावी, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून प्लग बसवावा. नदीकाठचे इंजिन मात्र त्याआधीच जोत्यावरून उचलून उंचावर न्यावे. चार माणसे आणि एक बैलगाडी, एवढेच त्यास लागते.