निकालाला प्रश्न विचारताना

(जयंती महोत्सवानिमित्त सिडनी येथे भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



कार्यकारिणीने मला ‘आपल्या मुलांचे आरोग्य’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. मी त्या विषयाला थोडी बगल देणार आहे. पश्चिम सिडनीत मी गेली वीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. दरवर्षी ऑगस्ट महिना सरत आला की माझ्या दवाखान्यात एक विशिष्ट प्रकारची मुले येऊ लागतात. अकरा-बारा वर्षांची, कोणाचे पोट दुखते, कोणाला झोप लागत नाही. तपासणीत काही सापडत नाही. मग पालक हळूच खिशातून एक कागद काढतात आणि म्हणतात, “डॉक्टरसाहेब, निकाल आला आहे. असा कसा आला, काही कळत नाही.” हा कागद सिलेक्टिव्ह शाळांच्या प्रवेश परीक्षेचा असतो. असाच कागद एके दिवशी माझ्याही घरी आला. त्याविषयी आज बोलावे असे मी ठरविले आहे.

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी थोडी माहिती सांगतो. न्यू साऊथ वेल्स राज्यात पूर्ण किंवा अंशतः निवडक प्रवेश देणाऱ्या चाळीसहून अधिक सरकारी शाळा आहेत. सहावीतील मुले मे महिन्यात परीक्षा देतात. सातवीच्या सुमारे ४,२०० जागा आणि अर्ज करणारी मुले १७ हजारांच्या आसपास, असे अलीकडच्या वर्षांचे प्रमाण आहे. म्हणजे चारांतील तिघांना नकार मिळणार, हे परीक्षेपूर्वीच ठरलेले असते. वाचन, गणिती विचार, तर्कविचार आणि लेखन असे चार भाग असतात व चौघांचे वजन सारखे असते. तर्कविचाराचे ४० प्रश्न ४० मिनिटांत सोडवायचे असतात. लेखनाला मिळतात ३० मिनिटे. शेजारच्या व्हिक्टोरियात अशा चार शाळा आहेत. तेथील प्रवेश नववीपासून असतो.

माझ्या धाकट्या मुलीने २०२४ साली ही परीक्षा दिली. गणितात ती पहिल्या दहा टक्क्यांत आली. तर्कविचारात त्याखालच्या पंधरा टक्क्यांत, वाचनात त्याखालच्या पंचवीस टक्क्यांत. लेखनापुढे मात्र लिहिले होते, ‘खालचे पन्नास टक्के’. जी मुलगी शाळेच्या वार्षिकांकासाठी गोष्टी लिहिते, जिच्या निबंधांचे तिच्या बाई वर्गात वाचन करतात, तिचे लेखन खालच्या पन्नास टक्क्यांत! घरात सुतकी शांतता पसरली. तिची आई काहीच बोलली नाही. मी मात्र त्याच रात्री टेबलाशी बसलो आणि संबंधित कार्यालयाला अडीच पानांचे पत्र लिहून काढले.

त्या पत्रातील भाषा आज मला आठवते तेव्हा मी थोडा ओशाळतो. पण ते पत्र कोठून आले, हे मी लपविणार नाही. माझे वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये साचेवाले होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस मी विदर्भातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. लेखी परीक्षेत मला उत्तम गुण होते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रथम माझे आडनाव विचारले, नंतर मूळ गाव, नंतर वडील काय करतात ते. रोगाविषयी त्यांनी दोनच प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरे मी बरोबर दिली आणि काठावर उत्तीर्ण झालो. त्या गुणांबद्दल दाद मागण्याची सोय नव्हती आणि धैर्यही नव्हते. हा केवळ माझा अनुभव नव्हता. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी अहवाल दिला. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांतील अशाच वागणुकीच्या तक्रारी त्यात नोंदविल्या आहेत. तेव्हा कमी गुण दिसताच आपल्या माणसाच्या मनात पहिला संशय कोणता येतो, हे तुम्हांला निराळे सांगावयास नको. तो संशय अनुभवाने दिलेला आहे. त्याबद्दल कोणी आपल्याला हसू नये.

परंतु मी डॉक्टर आहे. वेदना खरी असली तरी निदान तपासूनच करावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र मी पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की मी तपासणी न करताच औषध लिहून दिले होते. म्हणून ते बाजूला ठेवले आणि रुग्ण समोर आल्यावर जे प्रश्न आपण क्रमाने विचारतो, ते निकालाला विचारू लागलो.

पहिला प्रश्न : हा आकडा नेमके काय मोजतो? ‘खालचे पन्नास टक्के’ याचा अर्थ शंभरांपैकी पन्नासांहून कमी गुण असा नव्हे. परीक्षेला बसलेल्या मुलांच्या रांगेत आपले मूल कोठे उभे आहे, एवढेच त्यातून कळते. या रांगेत राज्यातील सगळी मुले नसतात. बहुधा अभ्यासात पुढे असलेली, वर्ष-दोन वर्षे शिकवणी लावलेली मुलेच तीत असतात. शिवाय मधल्या रेषेच्या किंचित खाली असलेले मूल आणि अगदी शेवटचे मूल या दोघांनाही तोच एक शिक्का मिळतो. रेषेच्या किंचित वर असलेल्याला मात्र निराळा. पूर्वी पालकांना एकूण गुण कळत असत, आता फक्त हे गट कळतात. तेव्हा शिक्का वाचून मुलाची किंमत ठरविणे हे निकालपत्रकाला त्याच्या लायकीपेक्षा अधिक मान देणे होय.

दुसरा प्रश्न : मोजमाप झाले तो दिवस नेहमीसारखा होता काय? एकदाच घेतलेल्या रक्तदाबावरून आम्ही सहसा कोणाला जन्मभराची गोळी सुरू करीत नाही. माणूस जिना चढून आला असेल, घाबरला असेल, तर पारा चढतो. त्याला बसवून, थोड्या वेळाने, पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजतो. प्रवेश परीक्षेत मात्र मोजमाप एकदाच होते. मुलाला ताप असेल, घरात दुःख घडले असेल, केंद्रावर अडथळा आला असेल, तर तसे कळविण्याची रीतसर सोय आहे. पण ते ठरलेल्या मुदतीत, कागदपत्रांसह कळवावे लागते. निकाल लागल्यावर आठवलेला ताप कोणी ऐकून घेत नाही. २०२५ साली ही परीक्षा प्रथमच संगणकावर झाली. त्या वेळी सिडनीच्या काही मोठ्या केंद्रांवर इतकी गर्दी व गोंधळ झाला की पोलिसांना बोलवावे लागले आणि काही मुलांची परीक्षा पुढे ढकलावी लागली. अशा दिवशी ज्याचे मूल तेथे होते, त्याने प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरा प्रश्न : मोजणाऱ्या यंत्रणेत चूक संभवते काय? संभवते. जगातील कोणतीही प्रयोगशाळा रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल कधीच झाली नाही, असे म्हणणार नाही. म्हणून विचारावे, मात्र पत्र एका पानाचे असावे. मुलाचा अर्ज क्रमांक, परीक्षेची तारीख, शाळेतील कामगिरीचा पुरावा आणि एकच नेमका प्रश्न. आरोप लिहू नये, विशेषणे लिहू नयेत. बाबासाहेबांची निवेदने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ठाऊक आहे की ते आधी आकडे मांडत आणि राग मागाहून, तोही तोलून. अन्याय झाला असे दिसले तर तेही स्पष्ट लिहावे. परंतु पुराव्यासह लिहावे. नुसत्या संशयाने भरलेले पत्र पुढच्या खऱ्या तक्रारीची धार बोथट करते.

मी असे एक पानाचे पत्र पाठविले. काही दिवसांनी सभ्य उत्तर आले. निकाल तोच राहिला.

बंधू-भगिनींनो, आता चौथा प्रश्न. तो मी सर्वांत शेवटी विचारला, जो सर्वांत आधी विचारावयास हवा होता. कार्यालयाला विचारले, आकड्यांना विचारले. पण परीक्षा जिने दिली होती, तिला मी विचारलेच नव्हते. एका रविवारी सकाळी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, “बाळा, त्या दिवशी लिहिताना काय झाले?” ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही गाडीत म्हणालात ना, आजोबांनी गिरणीत आयुष्य काढले, त्यांच्या कष्टांचे आज चीज कर. मी लिहायला घेतले आणि मला वाटले, हे तेवढे चांगले नाही. मी खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. मग दहाच मिनिटे उरली.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. तिचा गळा दाटून आला होता आणि ती मला विचारीत होती, “आजोबांना वाईट वाटले असेल का?” ज्या आजोबांना तिने पाहिलेही नाही, त्यांची अकरा वर्षांची नात तीस मिनिटांच्या निबंधात त्यांच्या साऱ्या आयुष्याची परतफेड करावयास बसली होती. ते ओझे तिच्या खांद्यावर मीच, प्रेमाने, परीक्षा केंद्राच्या दारात ठेवले होते.

त्या दिवशी मी तिला एक गोष्ट सांगितली, जी तोवर माझ्या मुलांना ठाऊक नव्हती. या देशात डॉक्टर म्हणून काम करण्यासाठी जी पात्रता परीक्षा द्यावी लागते, तिच्या प्रात्यक्षिक भागात मी पहिल्या वेळी अनुत्तीर्ण झालो होतो. तेव्हा मी रात्री एका गोदामात काम करीत होतो. ही गोष्ट मी घरातल्या भिंतीवरील प्रमाणपत्रांमागे दडवून ठेवली होती. मुलांना वाटत होते, बाबा सगळ्याच परीक्षा एका दमात उत्तीर्ण झाले. माझे यश त्यांना दिसत होते, धडपड दिसत नव्हती. मग त्यांना स्वतःची धडपड म्हणजे दोष वाटावा, यात नवल ते काय?

आपण दरवर्षी या व्यासपीठावरून बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. मोजाव्यातच. परंतु मुलांना हेही सांगितले पाहिजे की १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीसहूनही कमी. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करून, संस्कृत शिकावयाची इच्छा असताना फारशी घ्यावी लागून मिळविलेले ते गुण होते. त्या गुणांवरून त्यांची पारख करणाऱ्याला पुढचे बाबासाहेब दिसले नसते. आणि १९२३ साली लंडनमध्ये डी.एस्सी.साठी सादर केलेला रुपयावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला, तेव्हा ते खचले नाहीत. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि त्याच वर्षी पदवी मिळविली. आक्षेपाला उत्तर द्यावयाचे, हे त्यांना माहीत होते. आणि स्वतःचे लिखाण पुन्हा तपासावयाचे, हेही.

जाता जाता एक अप्रिय गोष्ट बोलतो. या परीक्षेत काही वर्षांपासून वीस टक्क्यांपर्यंत जागा आदिवासी मुले, आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्या घरांतील मुले, दूरच्या ग्रामीण भागातील मुले आणि दिव्यांग मुले यांच्यासाठी ठेवल्या जातात. त्यांनाही परीक्षा द्यावीच लागते व सर्वसाधारण गुणमर्यादेच्या जवळ यावे लागते. निकालानंतरच्या आठवड्यात आपल्याच बैठकींतून मी ऐकले आहे, “या राखीव जागांमुळे आमच्या मुलाची जागा गेली.” हे वाक्य आपण भारतात कोणाच्या तोंडून ऐकत होतो, ते आठवावे. मीही त्या आठवड्यात, मनातल्या मनात, ते वाक्य अर्धे उच्चारले होते. मिलिंद महाविद्यालयाने १९५० साली औरंगाबादेत दारे उघडली नसती तर मराठवाड्यातील आपल्या किती घरांत पहिला पदवीधर झाला असता? आज आपण पाच आकडी शिकवणी लावू शकतो. ज्याला ती लावता येत नाही, त्याच्या जागेकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून माझी संस्थेला विनंती आहे. पुढील वर्षापासून परीक्षेपूर्वीच्या काही शनिवारी आपल्यातील शिक्षक, अभियंते, डॉक्टर यांनी मिळून विनामूल्य मार्गदर्शन वर्ग चालवावा. त्यात आपल्या मुलांबरोबर शेजारच्या वस्तीतील कोणाचेही मूल बसू द्यावे. आणि निकालानंतर पालकांना अर्ज लिहावयास मदत करणारी दोन माणसे नेमावीत. माझे नाव त्यांत घालावे.

माझी मुलगी आता आमच्या उपनगरातील सरकारी शाळेत जाते. आठवीपासून पुढच्या वर्गांतही सिलेक्टिव्ह शाळांत काही जागा रिकाम्या होतात व त्यांसाठी अर्ज करता येतो. तिला करावयाचा आहे की नाही, हे तिने अजून ठरविलेले नाही, आणि मी विचारलेले नाही. ती पुन्हा गोष्टी लिहू लागली आहे. परवा तिने एक लिहिली, नागपूरच्या एका गिरणीकामगाराची. मला वाचावयास दिली आणि म्हणाली, “बाबा, यात काय बरोबर नाही ते सांगा.” मी साच्याच्या आवाजाविषयी दोन ओळी सुचविल्या. बाकी सारे तिचेच आहे.