शेतातून उडालेले पाणी

श्रोतेहो, रोह्याच्या उन्हाळी भाताला मिळणारे पाणी मोठा प्रवास करून येते. मुळशीच्या तलावातून ते भिऱ्याच्या वीजघरात उतरते, कुंडलिकेला मिळते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यापाशी कालव्यात वळते. कालव्यात किती सोडले ते मोजता येते. पण पिकाच्या कामी किती आले? माती आणि पाने यांतून वाफ होऊन गेलेले पाणी, म्हणजे बाष्पोत्सर्जन, हाच पिकाचा खरा खर्च.

उपग्रहाला ही वाफ दिसत नाही बरे का! त्याला कळते जमिनीचे तापमान. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. घाम वाळताना अंग गार पडते, तसेच शेताचे. उन्हातून मिळालेल्या उष्णतेतून माती आणि हवा तापवण्यात गेलेली वजा करा. उरली ती वाफेवर खर्च झाली. दिवसाला ५ मिलिमीटर उडाले, तर गुंठ्यामागे सुमारे ५०० लिटर झाले!

पेणकडे मात्र जपून. उधाणाने बांध फुटून खारे पाणी शिरलेली शेतेही गारच दिसतात. तिथे पीक कुठले? शिवाय लँडसॅट ८ आणि ९ मिळून आठ दिवसांनी एकदा येतात. त्यांच्या उष्णताचित्राचा एक ठिपका १०० मीटरचा. आपली खाचरे त्याहून लहान. पावसाळ्यात तर ढगच ढग. तेव्हा खरिपाच्या भाताचा हिशेब केवळ या चित्रांवरून कुणी ठामपणे सांगू लागला, तर मी तरी मान डोलावणार नाही. उन्हाळ्याचा जरूर मांडावा. आणि कालव्याच्या टोकाची शेते तापलेली दिसली, तर पाणी तिथवर पोचते का, हे जाऊन पाहावे.