नाटकातला कचरू कोण?



दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि रात्रभर नाटक रंगते. आपले तरुणही एकांकिका लिहितात. त्यांत पाटील-सावकाराला भारदस्त नाव मिळते आणि ज्याचे हसे करायचे त्या गड्याला कचरू, धोंड्या किंवा उकिरड्या. ही नावे कुणाची? आपल्याच आजा-पणज्यांची. बँकेच्या जुन्या खातेवह्यांत आम्ही ती वाचत आलो आहोत.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील ३१ वा श्लोक सांगतो की, ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे. हाच ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणूनही दगडू, धोंडू अशी नावे ठेवली जात आणि ती उच्चवर्णीयांतही होती, हे खरे. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पण धोंडा एकच असून एकाचा 'धोंडोपंत' होतो, दुसऱ्याचा 'धोंड्या'. अपमान अर्थापेक्षा हाकेत अधिक असतो.

नामसिद्धी जातकात पापक नावाचा शिष्य चांगले नाव शोधायला निघतो. वाटेत त्याला जीवक मेलेला दिसतो, धनपाली नावाची दासी पैशासाठी मार खाताना दिसते आणि पंथक वाट चुकलेला भेटतो. तो आपल्याच नावावर समाधान मानून परततो. नावावरून माणूस ठरत नाही, हा त्याचा बोध. मग प्रेक्षकाने केवळ नाव ऐकून का हसावे?

दया पवारांचे मूळ नाव दगडू. १९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये त्यांनी हा दगडू लपवला नाही, त्यालाच बोलते केले. ते नाव वाचून हसू येत नाही, मान खाली जाते.

म्हणून लेखक मित्रांना आमची विनंती आहे. वाईट अर्थाचे नाव पात्राला देऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. पण ते कोणी ठेवले, का ठेवले, हे नाटकात कळू द्या. त्या पात्राला स्वतःचे बोलणे द्या. आणि तीन अंकांत निदान एकदा तरी कोणी त्याला 'कचरूजी' म्हणून हाक मारू द्या.

जयभीम!