निर्भय जीवांचीं बेटें

दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारें १,००० किलोमीटर पश्चिमेस, ऐन विषुववृत्तावर, काळ्या खडकांचा एक द्वीपसमूह आहे. गालापागोस हें त्याचें नांव. हीं बेटें कोणत्याहि खंडाशीं कधींच जोडलेलीं नव्हतीं. समुद्रतळींच्या ज्वालामुखींनीं लाव्हाचे थर चढवून तीं पाण्याबाहेर आणिलीं आणि तें काम अद्याप संपलेलें नाहीं; मार्च २०२४ मध्येंहि फर्नांदिना बेटावर उद्रेक झाला. लाटांवर तरंगत किंवा वाऱ्यावर उडत जे जीव येथें पोंचले, तेच येथील रहिवासी झाले. मोठा हिंस्र पशु मात्र येथें येऊं शकला नाहीं; म्हणून पळून जाण्याची संवयच या जीवांना लागली नाहीं.

आजचा प्रवासी लहान जहाजांतून या बेटांभोंवतीं चार-आठ दिवस फिरतो. जहाज बहुधा रात्रीं मजल मारतें आणि सकाळीं होडीनें प्रवासी किनाऱ्यावर उतरतात. वाटेवरच समुद्रसिंह निजलेला असतो. तो उठत नाहीं, माणसांनाच वळसा घ्यावा लागतो. खडकांवर इग्वाना नांवाचे थोराड सरडे ऊन खात पडलेले दिसतात. समुद्रांत बुडी मारून शेवाळ खाणारा असा सरडा जगांत अन्यत्र नाहीं. पोटांत गेलेलें जादा मीठ तो नाकावाटें फुसकन् बाहेर टाकतो. निळ्या पायांचा बूबी पक्षी पायवाटेच्या कडेलाच अंडीं उबवितो. दक्षिणेकडील थंड प्रवाहामुळें विषुववृत्तावरहि पेंग्विन पोहतांना आढळतात.

हें दृश्य मनोहर खरें. परंतु या निर्भयतेची किंमत या प्राण्यांना पूर्वीं फार जबर द्यावी लागली. १५३५ सालीं पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा याचें गलबत प्रवाहाबरोबर वाहत येथें आलें, तेव्हां त्याच्या लोकांनीं कित्येक पक्षी नुसत्या हातांनीं धरले. १८३५ सालीं चार्ल्स डार्विन येथें पांच आठवडे होता. बंदुकीच्या नळीनें ढकलीपर्यंत एक शिकारी पक्षी फांदीवरून हलला नाहीं, असें त्यानें नमूद केलें आहे. देवमाशांची शिकार करणाऱ्या खलाशांना तर येथील महाकाय कांसवें म्हणजे आयता शिधाच वाटला. अन्नपाण्यावांचून तीं महिनेच्या महिने जगतात. त्यामुळें हजारों कांसवें जिवंतच जहाजांच्या तळघरांत रचलीं गेलीं. माणसांनीं आणलेल्या शेळ्यांनीं व उंदरांनीं बाकीचा नाश केला. पिंता बेटावर १९७१ सालीं एकच नर सांपडला. लोकांनीं त्याला एकाकी जॉर्ज म्हटलें. त्याच्या जातीची मादी शोधूनहि मिळाली नाहीं आणि २४ जून २०१२ रोजीं त्याच्याबरोबर तो वंशच संपला.

तथापि कथा एवढ्यावर संपत नाहीं. १९५९ सालीं एक्वादोरनें येथें राष्ट्रीय उद्यान स्थापिलें. एस्पान्योला बेटावर त्या जातीचीं अवघीं चौदा कांसवें उरलीं होतीं. त्यांना सुरक्षित जागीं आणून, सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयांतील एक नर जोडीस देऊन, त्यांची वीण वाढविण्यांत आली. २०२० सालीं हा उपक्रम पुरा झाला, तेव्हां त्या बेटावरील कांसवांची संख्या सुमारें २,००० झाली होती.

प्रवाशांसाठीं नियमहि कडक आहेत. वाटाड्यावांचून उतरावयाचें नाहीं. एका वाटाड्याबरोबर सोळांहून अधिक माणसें न्यावयाचीं नाहींत. आंखलेली वाट सोडावयाची नाहीं आणि प्राण्यांपासून दोन मीटर दूर रहावयाचें. प्राणी स्वतः जवळ आला, तर मागें सरावयाचें तें माणसानें.

२०२३ सालीं तीन लाखांहून अधिक प्रवासी येथें आले. त्यांच्या शुल्कांतून संरक्षणाचा खर्च भागण्यास मदत होते. परंतु माणसाच्या ये-जा करण्यामुळें व सामानाबरोबर परकें बी व परका कीटकहि येतो. फिलोर्निस नांवाची माशी अशीच बाहेरून आली; तिच्या अळ्या घरट्यांतील पिलांचें रक्त शोषतात. म्हणूनच सामानाची तपासणी व बूट धुणें ही तेथें केवळ औपचारिकता नव्हे. हे जीव माणसास भिण्यास शिकलेले नाहींत आणि त्यांनीं तें शिकावें अशी कोणाचीहि इच्छा नाहीं. तेव्हां जपून वागण्याचें ओझें पाहुण्यानेंच उचललें पाहिजे.